कनातीपलीकडचं हसू

दादा कोंडक्यांचे सिनेमे बघण्यासारखे आहेत का, हा वाद आमच्या बीड जिल्ह्यात पन्नास वर्षं चाललाय. ज्यांनी ते बघितले त्यांना कुणी विचारलं नाही, आणि ज्यांनी उत्तरं दिली त्यांतल्या पुष्कळांनी ते बघितलेच नव्हते. मी केज तालुक्यातल्या एका शिक्षकाच्या घरात वाढले. पुढं माजलगावकडे मीही मराठीच शिकवलं. आमच्या घरात शांतारामबापूंचा 'पिंजरा' चालायचा. 'सोंगाड्या'चं नाव काढलं की वडील वर्तमानपत्र उघडून बसायचे. माझी आत्या मात्र जत्रेच्या तंबूत जाऊन हे सगळे सिनेमे बघून आली होती आणि म्हातारपणापर्यंत त्यांतले प्रसंग सांगून हसायची. निवृत्तीनंतर मी ते सिनेमे सालवार लावून बघितले, वही पेन्सिल घेऊन. ज्या बायांनी ते जत्रेत आणि कारखान्यावर बघितले होते, त्यांच्याशी बोलले. तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली, की हा विषय एकट्या कोंडक्यांचा नाही. आमच्या भागात चावट बोलण्याला एक जागा होती, एक वेळ होती, त्याला उत्तर देणारं माणूस होतं. त्या रीतीचं पुढं काय झालं, त्याची ही हकिकत आहे.

केजजवळच्या विडा गावाची धुळवड महाराष्ट्रभर माहीत आहे. तिथं जावयाला गाढवावर बसवून गावातून मिरवतात. गळ्यात खेटरांची माळ, तोंडाला रंग, पुढं हलगी. जावई आधीच पळून जायला बघतात, म्हणून त्यांच्यावर पाळत ठेवतात, लपलेला जावई हुडकून आणतात. ही प्रथा निजामाच्या काळापासूनची, नव्वदेक वर्षांची. गावातल्या ठाकूर आनंदराव देशमुखांनी स्वतःच्या जावयापासून ती सुरू केली असं सांगतात. मिरवणूक मारुतीच्या देवळापाशी संपते आणि तिथं त्याच जावयाला नवे कपडे करतात, सोन्याची अंगठीही घालतात. मिरवणूक चालू असताना ओट्यांवरून, माडीवरून बाया काय काय बोलतात ते ऐकण्यासारखं असतं. वर्षभर पदर कपाळाच्या खाली घेणारी बाई त्या दिवशी परक्या जावयाला असं बोलते, की तो गाढवावरही बसू शकत नाही आणि उतरूही शकत नाही. दुसऱ्या दिवशी सगळं बंद. तोच जावई त्याच बाईच्या घरी चहा पितो.

ही सवय आजकालची नाही. गोदावरीच्या उत्तर काठाला पैठण आणि अलीकडं आमचा गेवराई तालुका. एकनाथांची भारुडं नदी ओलांडून केव्हाच इकडं आली. त्या भारुडांत सासू-सुनेची भांडणं आहेत, नवरा नकोसा झालेली बाई आहे, वेशीबाहेरच्या माणसांची बोली आहे. वरवर ऐकणाऱ्याला नुसती गंमत वाटते, आत परमार्थ असतो. एकाच ओळीत दोन अर्थ ठेवायचे आणि कुठला घ्यायचा ते ऐकणाऱ्यावर सोपवायचं, ही युक्ती सोळाव्या शतकात एका संताने देवळाच्या ओट्यावर वापरली. त्याच काळात आमच्या अंबाजोगाईत दासोपंत पासोडीवर ओव्या लिहीत होते. आमच्या जिल्ह्याची थोरवी सांगताना मुकुंदराज आणि दासोपंत यांची नावं घेतात, ते योग्यच आहे. पण भारुड करणाऱ्या माणसाने लुगडं नेसून केलेला धिंगाणाही ह्याच जिल्ह्याने ऐकला आणि त्याची कुणाला लाज वाटली नाही.

तमाशात हेच काम बतावणीत होतं. गण होतो, गौळण होते, मग सरदार आणि सोंगाड्या पुढं येतात. सोंगाड्या सरळ प्रश्नाला वाकडं उत्तर देतो. गौळणीतली मावशी तर पुरुषच असतो, पदर ओढून, कंबर वाकवून आलेला. कृष्ण गवळणींची वाट अडवतो, तेव्हा मावशी त्याची अशी हजेरी घेते की देवाची बोबडी वळते. तमाशातला चावटपणा कितीही वर गेला, तरी मावशी त्याला खाली आणते. प्रेक्षकही गप्प बसत नाहीत, फडावरून आलेल्या वाक्याला खालून वाक्य जातं. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी आणली, पुढं सुधारणेसाठी समिती नेमली आणि संहिता तपासून परवाने द्यायला सुरुवात झाली. आमचा जिल्हा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. मुंबई राज्यात आम्ही आलो १९५६ साली, आणि तपासलेला, इस्त्री केलेला तमाशा आमच्याकडे त्यानंतरचा.

कोंडके ह्याच परंपरेतून आले, पण गिरणगावाच्या वाटेनं. १९३२ साली नायगावच्या चाळीत जन्म, घर मूळचं भोरकडचं. अपना बाजारात नोकरी, सेवादलाच्या कलापथकात काम. १९६५ साली वसंत सबनीसांचं 'विच्छा माझी पुरी करा' रंगभूमीवर आलं आणि त्यातल्या हवालदाराने त्यांना नाव दिलं. त्या लोकनाट्याचे दीड हजाराच्या आसपास प्रयोग झाले. सबनीसांची संहिता पक्की होती, तरी दादा त्या दिवशीच्या बातमीवर दोन वाक्यं टाकायचेच, आणि लोक त्यासाठी पुन्हा यायचे. आशा भोसल्यांनी ते बघितलं, भालजी पेंढारकरांकडे शब्द टाकला आणि दादा १९६९ च्या 'तांबडी माती'त आले. १९७१ ला त्यांनी स्वतः 'सोंगाड्या' काढला. लेखन सबनीसांचं, दिग्दर्शन गोविंद कुलकर्ण्यांचं. दादरच्या कोहिनूर थिएटरने तो सोडून देव आनंदचा 'तेरे मेरे सपने' लावायचा घाट घातला, तेव्हा दादा बाळासाहेब ठाकऱ्यांकडे गेले आणि शिवसैनिकांनी 'सोंगाड्या' लावून घेतला. ती गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. त्यानंतर एकामागून एक नऊ सिनेमांचे रौप्यमहोत्सव झाले, गिनीज बुकात नोंद झाली.

आमच्याकडे मात्र कोहिनूरही नव्हतं आणि रौप्यमहोत्सवही नव्हता. आमच्याकडे सिनेमाची पेटी यायची. शहरात चालून चालून ओरखडे पडलेली प्रत आधी तालुक्याच्या टॉकीजला लागायची आणि मग गावोगाव फिरणाऱ्या टुरिंग टॉकीजवाल्याच्या हाती यायची. महाशिवरात्रीला परळीत वैजनाथाची जत्रा, बीडला कंकालेश्वराची. कार्तिकी पौर्णिमेला कपिलधारला मन्मथस्वामींची. पाळणे, मिठाईची दुकानं, मौत का कुआँ, आणि त्यांच्या कडेला सिनेमाचा तंबू. दिवसा गाडीवर कर्णा बांधून पुकारा, रात्री नऊला पहिला खेळ.

तंबूचं काम आत्याने मला जसं सांगितलं तसं सांगते, आणि जे तिला ठाऊक नव्हतं ते एका म्हाताऱ्या ऑपरेटरकडून मिळालं. ट्रकच्या हौद्यातच मशीन बसवलेलं असायचं. उजेडासाठी बल्ब नव्हे, दोन कार्बनच्या कांड्या. त्यांची टोकं जवळ आणली की मधे ठिणगीची कमान पेटते, डोळे दिपवणारा पांढरा उजेड पडतो. कांड्या जळून आखूड होतात, म्हणून ऑपरेटरने सारखं लक्ष ठेवून त्या पुढं सरकवत राहायचं. त्याचं लक्ष चुकलं की पडदा पिवळा पडायचा आणि तंबूतून शिव्या सुरू. हजार फुटांचं रीळ अकराएक मिनिटांत संपतं. थिएटरात दोन मशीन असतात, तंबूत एकच. म्हणून रीळ संपलं की अंधार. ऑपरेटर नवं रीळ चढवेपर्यंत आत जे बोलणं चालायचं, ते आत्याला सिनेमाइतकंच आठवत होतं. पडद्यावर दादांनी अर्धवट सोडलेलं वाक्य कुणीतरी अंधारात पूर्ण करायचं. त्यावर पलीकडून बाईचा आवाज यायचा आणि मग सगळा तंबू हसायचा.

पलीकडून म्हणजे कनातीच्या पलीकडून. तंबूच्या मधून कापडाची कनात लावलेली असायची. एका बाजूला गडी, एका बाजूला बाया-लेकरं. सगळे जमिनीवर, फार तर घरून आणलेलं पोतं खाली. पडदा दोघांना दिसायचा, पण एकमेकांची तोंडं दिसायची नाहीत. मी आत्याला विचारलं होतं, की तुला संकोच नाही वाटला का? ती म्हणाली, "कामून वाटंल? कोण बघायलंय? गडी येगळ्या गोष्टीला हसायचे, आमी येगळ्या. ती शिनेमातली आये पोराला बोलायली की आमी हसायचो. मपली सासूच उभी ऱ्हायची डोळ्यापुढं." हे वाक्य मी सिनेमे बघताना सतत मनात ठेवलं, आणि त्याचा फार उपयोग झाला.

ऊसतोडीला जाणाऱ्यांची गोष्ट निराळी. दसरा-दिवाळी झाली की पाटोदा, आष्टी, शिरूर, धारूर, वडवणीची गावं रिकामी होतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांच्या भोवती कोप्या, म्हणजे झोपड्या, पडतात. मुकादम आठवड्याला खर्ची देतो. बाया उसाचे वाढे विकून दोन पैसे जमवतात. बाजाराच्या दिवशी तेल-मीठ घेतल्यावर काही उरलं, तर कारखान्याजवळच्या तंबूत किंवा टॉकीजमध्ये सिनेमा. पहाटे तीनला उठून थंडीत ऊस तोडणारी बाई रात्री तीन तास सिनेमाला बसायची, ती कशासाठी? एका ऐंशीच्या घरातल्या बाईने मला सांगितलं, की पडद्यावर आपल्यासारखं बोलणारं माणूस दुसरं कुठलंच नव्हतं. हिंदीतला शेतकरी स्वच्छ धोतर नेसायचा. ह्या माणसाची चड्डी गुडघ्यापर्यंत ढगळ, नाडी लोंबलेली, बोलणं गावचं. तो पाटलाला बनवायचा, सावकाराला बनवायचा, हवालदाराची टोपी उडवायचा. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेल्या माणसांना हे बघून काय वाटलं असेल, हे आमच्या वडिलांच्या वर्तमानपत्रात छापून येत नव्हतं.

आता सिनेमे.

'सोंगाड्या' कृष्णधवल आहे आणि आजही ताजा आहे. नाम्या हे भोळं पोर, आईच्या धाकातलं. तमाशाच्या नादी लागतं, तमाशातल्या बाईत जीव गुंततो, आई घराबाहेर काढते. रत्नमालाबाईंची आये आणि उषा चव्हाणांची तमासगीरीण, ह्या दोघी सिनेमा पेलतात. चावट वाक्यं आहेत, पण मोजकी. मी त्यांतली कितीतरी वाक्यं पुन्हा पुन्हा लावून बघितली. वाक्य लिहून काढलं तर त्यात काहीच नसतं, शाळेच्या पुस्तकात घालावं इतकं ते साधं असतं. सगळी करामत थांबण्यात आहे. दादा वाक्य अशा जागी थांबवतात की पुढचा शब्द आपल्या मनात आधी येतो. मग ते निरागस तोंडाने समोर बघतात, जणू वाईट विचार आपण केला. मग भलताच, निर्मळ शब्द उच्चारतात. सेन्सॉरच्या कात्रीने शब्द कापता येतो. ही थांबायची जागा कशी कापणार? ही कला बतावणीतून आलेली आहे आणि तिला हलकं म्हणणाऱ्याने एकदा करून बघावी.

'पिंजरा' पुढच्याच वर्षी आला. तमाशाने मास्तर बरबाद होतो, अशी ती गोष्ट. फार मोठा सिनेमा, त्यात शंका नाही. पण आमच्या घराने 'पिंजरा' पावन करून घेतला तो मास्तरमुळे, आणि 'सोंगाड्या' बाहेर ठेवला तो नाम्यामुळे. 'पिंजरा'त तमाशाची बाई हे संकट आहे. 'सोंगाड्या'त ती जिव्हाळ्याचं माणूस आहे. तमासगिरांना स्वतःविषयी कुठला सिनेमा खरा वाटला असेल, ते वेगळं सांगायला नको.

'एकटा जीव सदाशिव' १९७२ चा. खेड्यात वाढलेलं पोर शहरातल्या खऱ्या, श्रीमंत आईबापाकडे जातं आणि तिथल्या रीतीभातींशी त्याची गाठ पडते. पुढं २००० साली महेश मांजरेकरांनी गोविंदाला घेऊन ह्याच गोष्टीवर 'जिस देश में गंगा रहता है' काढला. १९७५ च्या 'पांडू हवालदार'पासून दादा स्वतः दिग्दर्शन करू लागले. अशोक सराफांचा सखाराम हवालदार ह्यातलाच. पोलिसांच्या हप्त्याची, साहेबापुढच्या लाचारीची जी टिंगल ह्यात आहे, ती गावातल्या चौकीत जाऊन आलेल्या माणसालाच पूर्ण कळते. 'राम राम गंगाराम' १९७७ चा. अडाणी गंगारामला अचानक इस्टेट मिळते आणि मुंबईचे सभ्य लोक त्याच्याभोवती गोळा होतात. ह्या सिनेमाचं मूळ नाव 'गंगाराम वीस कलमे' होतं आणि आणीबाणीच्या वीस कलमी कार्यक्रमामुळे ते बदलावं लागलं, असं सांगतात. तेव्हा सरकारला दादांची भीती वाटायची ती फक्त अश्लीलतेमुळे, असं मानायचं कारण नाही.

पुढं उतार लागतो, आणि तो मला बघवला नाही. १९७८ चा 'बोट लावीन तिथं गुदगुल्या' अजून हसवतो. १९८२ चा 'आली अंगावर', नंतरचा 'मुका घ्या मुका', हिंदीतला १९८६ चा 'अंधेरी रात में दिया तेरे हाथ में', आणि नव्वदीतले 'येऊ का घरात', 'वाजवू का'. आता सिनेमाचं नाव हाच विनोद झालेला आहे. नाव एकदा वाचलं की संपलं. पडद्यावर दादा आता थांबत नाहीत, शब्द टाकून मोकळे होतात आणि क्यामेरा जाऊन बाईवर खिळतो. मुख्य म्हणजे तिथं उत्तर देणारं कुणी राहिलेलं नाही. आधीच्या सिनेमांत उषा चव्हाणची जीभ दादांच्या जिभेला भारी पडायची, आये दोघांना झोडपायची. गौळणीतल्या मावशीचं काम ह्या दोघी करत होत्या. नंतरच्या सिनेमांत पोरींना तोंड असं नसतंच. पुरुष बोलतो, बाई ऐकते. विड्याच्या ओट्यावरून जावयाला झोडपणाऱ्या बाईला ह्यात जागा कुठं आहे? ज्या दिवशी बाईचं उत्तर काढून टाकलं, त्या दिवशी चावटपणाचा अपमान झाला, अशी माझी ठाम समजूत आहे.

बघणाऱ्यांची जागाही त्याच सुमाराला बदलली. ऐंशीच्या दशकात टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने मिळू लागले. एका खोलीत तरणी पोरं दाटीवाटीने बसायची, दार लावून. तिथं बाया जात नव्हत्या. तंबूत कनातीपलीकडून येणारा आवाज संपला आणि सिनेमे बाईविना बघितले जाऊ लागले. मग केबल आली, मग मोबाइल. तंबू एकेक करून उठले. २०१६ साली कान महोत्सवात 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट गौरवला गेला. तो महाराष्ट्रातल्या अशाच जत्रांत फिरणाऱ्या तंबूवाल्यांवर आहे. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया ह्यांनी त्यांच्या मागे वर्षानुवर्षं फिरून तो केला. एरवी ह्या धंद्याची फारशी कुणी दखल घेतलेली नाही. दादा १४ मार्च १९९८ ला गेले. शिवसेनेच्या प्रचाराला ते गावोगाव फिरले आणि सभेला आलेली माणसं पुष्कळदा त्यांनाच ऐकायला यायची, हेही आमच्याकडच्या लोकांच्या चांगलं लक्षात आहे.

माझ्या ओळखीतल्या काही शिक्षिका आजही म्हणतात, की असल्या सिनेमांवर वेळ घालवायचा कशाला. मी त्यांना सांगते, की मराठी बोलीतला विनोद शिकवायचा असेल तर 'सोंगाड्या'चा पहिला अर्धा तास वर्गात लावण्यासारखा आहे. पाटोद्याकडच्या पोरांची बोली पडद्यावर कधी येत नाही. ती जिच्या सर्वांत जवळ जाते ती भाषा ह्याच सिनेमांत आहे. अश्लील म्हणून सगळंच फेकून दिलं, तर त्याबरोबर गिरणी कामगार, ऊसतोड्या, हमाल, तमासगीर ह्यांनी तीस वर्षं ज्याच्यावर प्रेम केलं ते सगळं फेकलं जातं. आणि लोकांना आवडलं म्हणून सगळंच डोक्यावर घेतलं, तर शेवटच्या सिनेमांत पोरींच्या वाट्याला जे आलं तेही डोक्यावर घ्यावं लागतं. मला दोन्ही मान्य नाही.

तेव्हा कुणी विचारलं तर माझं उत्तर असं आहे. 'सोंगाड्या', 'एकटा जीव सदाशिव', 'पांडू हवालदार' आणि 'राम राम गंगाराम' हे चार सिनेमे जरूर बघा. एकट्याने मोबाइलवर बघू नका. घरात कुणी आत्या, मावशी, आजी असेल तर तिला शेजारी बसवा आणि ती कुठं हसते तिकडं लक्ष ठेवा. १९८२ पासूनचे नाही बघितले तरी काही बिघडत नाही.